थर्मल प्रतिमा वाचायची कशी : इंदूर शहर आणि माळव्याची काळी रानं

मे महिन्यातल्या निरभ्र सकाळी लँडसॅट या अमेरिकी उपग्रहानं घेतलेली इंदूरची थर्मल प्रतिमा, म्हणजे पृष्ठभागाचं तापमान रंगांत दाखवणारं चित्र, पहिल्यांदा उघडली, की विद्यार्थी बहुधा गोंधळतात. राजवाडा, सियागंज, मल्हारगंज हा दाटीचा भाग सगळ्यात लाल दिसेल अशी त्यांची खात्री असते. दिसतं उलटंच. सगळ्यात लाल असतात ती सांवेर आणि देपालपूरकडची शेतं. गहू-हरभरा निघून गेलेला, जमीन नांगरून उन्हाला टाकलेली. शहर त्या लाल पट्ट्याच्या मधोमध थोडं फिकं दिसतं, आणि रेसिडेन्सी, डेली कॉलेज यांसारखी झाडीची ठिकाणं निळसर.

प्रतिमा चुकलेली नसते. आपण तिला चुकीचा प्रश्न विचारलेला असतो. रंगाकडे पाहण्याआधी दोन गोष्टी विचाराव्या लागतात : हे किती वाजताचं आहे, आणि हा पृष्ठभाग कशाचा आहे? या दोन प्रश्नांची सवय लागली, तर फुकट मिळणारा डेटा आणि एक साधा इन्फ्रारेड थर्मामीटर एवढ्यावर महाविद्यालयात उत्तम पर्यावरण संशोधन करता येतं. पुढची सगळी कृती इंदूर डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. गावाचं पीक, माती आणि रेखांश बदलला की तारखा आणि वेळा तुमच्या तुम्ही बदलून घ्या.

आधी प्रश्न एका वाक्यात लिहा

उपग्रह मोजतो ते पृष्ठभागाचं तापमान. हवामान खात्याचा आकडा हवेचा असतो : जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत घेतलेला. मे महिन्याच्या दुपारी हवा ४१ अंश असताना डांबर ६० च्या आसपास जाऊ शकतं. म्हणून 'इंदूरचं तापमान वाढलं का' हा प्रश्न थर्मल प्रतिमेसाठी फार सैल आहे. 'एप्रिलमध्ये सकाळी पावणेअकराला सुपर कॉरिडॉर या नव्या वसाहतींच्या पट्ट्यालगतच्या बांधकामाचा पृष्ठभाग शेजारच्या पडीक शेतापेक्षा किती गरम किंवा गार असतो', हा प्रश्न चालेल. त्यात जागा आहे, महिना आहे, वेळ आहे आणि तुलना कशाशी हेही आहे. विद्यार्थ्याला असं वाक्य लिहिता येईपर्यंत त्याला संगणकाला हात लावू देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

वर्गात सांगायचं भौतिकशास्त्र

विल्यम हर्शेलनं १८०० साली लोलकातून पडलेल्या वर्णपटात, तांबड्या रंगाच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला काही दिसत नव्हतं तिथे थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला. हा प्रयोग गच्चीत तासाभरात होतो : एक लोलक, तीन-चार थर्मामीटर, त्यांचे फुगे काळ्या शाईनं रंगवलेले. सुरुवात त्यानं करा. मात्र त्याच वेळी स्पष्ट सांगा, की हर्शेलला सापडलेली किरणं सूर्याची होती, दृश्य प्रकाशाला लागून असलेली. आपला विषय आहे जमीन स्वतः बाहेर टाकते ती किरणं. हा फरक राहून गेला तर पुढे 'इन्फ्रारेड' शब्द दिसेल तिथे मुलं घोटाळा करतात. वनस्पतींच्या निर्देशांकात वापरला जाणारा निकट अवरक्त बँड (बँड म्हणजे तरंगलांबीचा ठरावीक पट्टा) आणि थर्मल बँड एकच समजतात.

वीनचा नियम इथे कामाला येतो. २८९८ ला केल्विनमधल्या तापमानानं भागलं की सर्वाधिक उत्सर्जनाची तरंगलांबी मायक्रोमीटरमध्ये मिळते. जमीन ३०० केल्विन, म्हणजे २७ अंश सेल्सिअसला असेल तर उत्तर ९.७ च्या आसपास येतं. सुदैवानं ८ ते १४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात वातावरण बऱ्यापैकी पारदर्शक असतं, मध्ये ९.६ च्या जवळ ओझोन आडवा येतो, आणि बाष्प थोडंफार सगळीकडेच. उपग्रहांचे थर्मल बँड याच खिडकीत बसवलेले असतात. नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेली गव्हाची धसकटं, जाळतात तेव्हाच्या आगीचं तापमान ८०० केल्विनच्या घरात धरलं तर तोच भागाकार ३.६ देतो. म्हणून आग शोधणारे बँड ४ मायक्रोमीटरच्या आसपास असतात, १० च्या नाही. मार्च-एप्रिलमध्ये माळव्यात नरवाईचा धूर सगळ्यांनीच पाहिलेला असतो. हे उदाहरण मुलांच्या पटकन लक्षात राहतं.

स्टीफन–बोल्ट्झमनचा नियम फळ्यावर एकदा सोडवून दाखवा. आदर्श कृष्णपदार्थ, म्हणजे त्या तापमानाला शक्य तितकी सगळी किरणं टाकणारा पदार्थ, २७ अंशांना दर चौरस मीटरमागे सुमारे ४६० वॅट बाहेर टाकतो, ५७ अंशांना ६७० वॅट. तापमानाचा चौथा घात म्हणजे काय, ते या दोन आकड्यांतून समजतं.

पण खरी मेख उत्सर्जकतेत आहे, आणि तिथे मुक्काम करावा. आदर्श पदार्थाच्या तुलनेत एखादा पृष्ठभाग किती किरणं बाहेर टाकतो, ते प्रमाण म्हणजे उत्सर्जकता. पाण्याची ०.९८-०.९९, हिरव्या पिकाची त्याच्या जवळपास, कोरड्या मातीची साधारण ०.९२ ते ०.९७, काँक्रीटची ०.९२ ते ०.९५. चकचकीत धातू मात्र एकदम ०.१-०.२ पर्यंत घसरतो. उत्सर्जकता ०.०१ नं चुकली तर तापमान साधारण अर्ध्या अंशानं चुकतं. शेत आणि शहर यांच्यातला फरक दोन-तीन अंशांचाच असेल, तर ही चूक सगळा निष्कर्ष फिरवू शकते.

स्टीलचा डबा आणि काळी चिकटपट्टी

उत्सर्जकता सांगून कळत नाही. चकचकीत स्टीलचा डबा घ्या, अर्ध्या भागावर इलेक्ट्रिशियन वापरतात ती काळी पट्टी चिकटवा, आत ७० अंशांचं पाणी भरा. दोन मिनिटं थांबा. आता इन्फ्रारेड थर्मामीटरनं आधी पट्टीचं आणि मग उघड्या स्टीलचं तापमान घ्या. पट्टीवर पाण्याच्या तापमानाजवळचा आकडा येतो, स्टीलवर त्याच्या कितीतरी खालचा. डबा एकच, पाणी एकच. स्वस्त थर्मामीटर सगळ्याच वस्तूंची उत्सर्जकता ०.९५ धरून चालतो, आणि स्टील त्या गृहीतकात बसत नाही. १८०४ च्या सुमारास जॉन लेस्लीनं घनाकृती भांड्याच्या वेगवेगळ्या बाजूंवर हेच दाखवलं होतं.

मग थर्मामीटर आकाशाकडे धरा, सूर्यापासून दूर. जानेवारीच्या कोरड्या निरभ्र दिवशी आकडा शून्याच्या खाली जातो, किंवा यंत्र 'लो' दाखवून थांबतं. एखादा ढग सापडला तर त्यावर धरा. आकडा वर चढतो. ढग ८ ते १४ मायक्रोमीटरच्या त्या पट्ट्यात अपारदर्शक असतो, आणि उपग्रहाला वरून जमीन न दिसता ढगाचा गार माथाच दिसतो, हे एवढ्यानं पटतं. शेवटी बंद खिडकीच्या काचेतून बाहेरच्या भिंतीवर नेम धरा. येतो तो काचेचा आकडा. काच डोळ्याला पारदर्शक आहे, १० मायक्रोमीटरला नाही.

या तिन्ही प्रयोगांना थर्मल कॅमेरा लागत नाही. महाविद्यालयाकडे पैसे असतील तर मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा जरूर घ्यावा, पण डब्याचा प्रयोग त्याच्या आधी व्हावा. नाहीतर रंगीत चित्रं पाहण्यातच तास संपतो.

कोणता उपग्रह कशासाठी

शहरातल्या वस्त्यांचा अभ्यास असेल तर पहिलं नाव लँडसॅट. लँडसॅट ८ फेब्रुवारी २०१३ मध्ये गेला, लँडसॅट ९ सप्टेंबर २०२१ मध्ये. प्रत्येक जण १६ दिवसांनी त्याच जागेवर येतो, दोघं मिळून ८ दिवसांनी. १९८४ पासून २०११ पर्यंतचा जुना साठा लँडसॅट ५ चा आहे. २००८ पासून हा सगळा डेटा फुकट आहे.

एक मर्यादा मात्र मोठी आहे : लँडसॅट सकाळचा पाहुणा आहे. इंदूरवरून तो भारतीय प्रमाणवेळेनुसार साधारण साडेदहा ते अकराच्या दरम्यान जातो. त्या वेळेला पृष्ठभाग तापत असतात, तापून झालेले नसतात. रात्रीचा उष्मा त्याच्यातून समजत नाही.

रात्रीसाठी दोन पर्याय. मोडिस हा अॅक्वा आणि टेरा या उपग्रहांवरचा संवेदक रोज दिवसा आणि रात्री तापमान देतो, पण त्याचा पिक्सेल १ किलोमीटरचा. अख्खं शहर आणि भोवतालची रानं यांची तुलना करायला तो पुरतो, मोहल्ल्याला नाही. दुसरा इकोस्ट्रेस : २०१८ पासून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर बसवलेला, सुमारे ७० मीटरचा पिक्सेल. स्थानकाच्या कक्षेमुळे तो वेगवेगळ्या वेळांना वरून जातो. कधी पहाटे, कधी दुपारी तीनला, कधी रात्री. ठरलेली तारीख मिळत नाही, मिळेल ती पाहावी लागते. प्रतिमा जमिनीवर नेमकी बसली आहे का हेही तपासावं. यशवंत सागर या तलावाचा किनारा नकाशावरच्या किनाऱ्याशी जुळतो का ते पाहिलं की लगेच कळतं.

इन्सॅट-३डीआर आणि २०२४ च्या फेब्रुवारीत गेलेला इन्सॅट-३डीएस दर अर्ध्या तासाला प्रतिमा देतात, पिक्सेल ४ किलोमीटरचा. त्यात इंदूर मोजक्या चौकोनांत मावतं. तरीही शिकवण्यासाठी मला तो फार आवडतो, कारण एका दिवसात जमीन कशी तापते आणि निवते याचा पूर्ण आलेख त्यातूनच काढता येतो. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राच्या मोसडॅक संकेतस्थळावर नाव नोंदवलं की डेटा मिळतो. इस्रो आणि फ्रान्सची अंतराळ संस्था मिळून तृष्णा नावाचा खास थर्मल उपग्रह तयार करत आहेत. त्याचा भर पिकांचं पाणी आणि शहरांचा उष्मा यांवरच असणार आहे.

तारखा : माळव्याचं पंचांग समोर ठेवा

जून अखेरपासून सप्टेंबरपर्यंत ढगांमुळे हाती फारसं लागत नाही. एखादी उघडीप मिळाली तरी सोयाबीन, ओली माती आणि विरळ ढग यांचं मिश्रण असतं. नवशिक्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

उरलेल्या वर्षाचे दोन स्वभाव आहेत. डिसेंबर ते फेब्रुवारी शिवारात पाणी दिलेला गहू उभा असतो. पीक पाणी उडवतं, आणि १ मिलिमीटर पाण्याची वाफ व्हायला दर चौरस मीटरमागे सुमारे २.४५ मेगाज्यूल ऊर्जा लागते. दिवसाला ४ मिलिमीटर उडालं तर चोवीस तासांच्या सरासरीनं ११० वॅटपेक्षा जास्त उष्णता तापवण्याऐवजी बाष्पीभवनात गेली. त्यामुळे त्या महिन्यांत शेतं गार आणि शहर गरम दिसतं. मार्चअखेर कापणी होते, एप्रिल-मेमध्ये जमीन उघडी पडते आणि चित्र पालटतं. शहर होतं तिथेच असतं. बदललं ते शेत. जानेवारीची एक आणि मेची एक प्रतिमा शेजारी ठेवून 'शहर कधी जास्त तापलं' एवढंच विचारा, आणि वर्गाला अर्धा तास भांडू द्या. पूर्ण सत्रातली याहून चांगली चर्चा मला माहीत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरही चांगला : आकाश धुतलेलं, पण जमीन कुठे ओली कुठे कोरडी. या काळातल्या प्रतिमांसोबत पावसाचा शेवटचा दिवस टिपून ठेवावा.

डेटा उतरवणं आणि आकड्याचं तापमान करणं

यूएसजीएस या अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अर्थ एक्सप्लोरर संकेतस्थळावर खातं उघडा, नकाशावर इंदूरभोवती चौकोन काढा, तारखा द्या, ढगांची मर्यादा १० टक्के ठेवा आणि 'कलेक्शन २, लेव्हल २' हा संच निवडा. दोन फाइली हव्यातच : 'एसटी बी१०' म्हणजे पृष्ठभाग तापमान, आणि 'क्यूए पिक्सेल' म्हणजे प्रत्येक पिक्सेलची प्रकृती. ज्यांना प्रोग्रॅमिंग जमतं त्यांनी हेच गूगल अर्थ इंजिनवर करावं. शिक्षण आणि संशोधनासाठी ते विनामूल्य आहे. पण पहिली प्रतिमा तरी क्यूजीआयएस या फुकट नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये, हातानं.

'एसटी बी१०' मधला आकडा तापमान नसतो. त्याला ०.००३४१८०२ नं गुणायचं, १४९ मिळवायचे, केल्विन मिळतं, २७३.१५ वजा केले की सेल्सिअस. पिक्सेलमध्ये ४६५०० असेल तर गुणाकार १५८.९४, केल्विन ३०७.९४, म्हणजे ३४.७९ अंश. क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये एका ओळीचं काम. नकाशाचं किमान तापमान उणे १२४.१५ दाखवलं तर घाबरू नका. तिथे डेटाच नव्हता, पिक्सेल शून्य होता, आणि शून्याला सूत्र लावलं की हेच उत्तर येतं. ते पिक्सेल आधी वगळा.

ढगांसाठी सोपी युक्ती : क्यूए पिक्सेलमध्ये २१८२४ म्हणजे निरभ्र जमीन, २१९५२ म्हणजे निरभ्र पाणी. हे दोन आकडे ठेवा, बाकी सगळं काढून टाका. ढगाची सावली आणि ढगाची कड दोन्ही त्यात निघून जातात. हे आकडे लँडसॅट ८ आणि ९ चे आहेत, लँडसॅट ५ ला लागू होत नाहीत. नकाशाचं प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत) यूटीएम ४३ उत्तर ठेवा, इंदूर त्यात बसतं.

रंगांची एक खबरदारी. क्यूजीआयएस प्रत्येक प्रतिमेला तिच्या-तिच्या किमान-कमालप्रमाणे रंग देतो. त्यामुळे जानेवारीतला लाल २८ अंशांचा आणि मेमधला लाल ५० चा असू शकतो. तुलना करायच्या सगळ्या नकाशांची रंगपट्टी एकाच मर्यादेत, उदाहरणार्थ १५ ते ५५ अंश, बांधून टाका.

तयार तापमान मिळत असताना मूळ गणित कशाला, असं विद्यार्थी विचारतात. एकदा करून पाहिल्याशिवाय त्यातली गृहीतकं दिसत नाहीत, म्हणून. लेव्हल १ मधला लँडसॅट ८ चा बँड १० घ्या. आकडा गुणिले ०.०००३३४२ अधिक ०.१ म्हणजे रेडियन्स, संवेदकापर्यंत पोचलेल्या किरणांची तीव्रता. ३१११९ चा रेडियन्स होतो १०.५. मग ७७४.८८५३ ला १०.५ नं भागा, १ मिळवा, नैसर्गिक लॉगरिदम घ्या, आणि १३२१.०७८९ ला त्यानं भागा. उत्तर ३०६.१७ केल्विन, ३३ अंश. याला दीप्ति-तापमान म्हणतात : वातावरण आणि उत्सर्जकता यांची दुरुस्ती न केलेलं. लँडसॅट ९ चे स्थिरांक वेगळे आहेत, ते प्रतिमेसोबतच्या मेटाडेटातून घ्यावेत. मग त्याच पिक्सेलचं लेव्हल २ मधलं तापमान शेजारी लिहा. दोन्हींतला फरक म्हणजे मधल्या हवेनं आणि पृष्ठभागानं केलेली फेरफार.

३० मीटरचा भास

फाइल ३० मीटरची असते, पण लँडसॅट ८-९ चा थर्मल संवेदक मुळात १०० मीटरचा आहे. लँडसॅट ५ चा १२० मीटरचा होता. आकडे ३० मीटरच्या जाळीवर पसरवून दिलेले असतात, एवढंच. एका बंगल्याचं, एका गल्लीचं, कान्ह नदीच्या अरुंद पात्राचं तापमान त्यातून काढू नये. साधा नियम : जागा किमान ३०० मीटर लांब-रुंद आणि एकजिनसी असली पाहिजे, आणि आकडा मधल्या भागाचाच घ्यायचा. शहरात अशा जागा मोजक्याच. यशवंत सागरचं मोकळं पाणी, सिरपूरच्या तलावाचा मधला भाग, विमानतळाचा परिसर, मोठी शेतं. सिरपूर आणि यशवंत सागर दोन्ही २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आले, त्यामुळे तिथल्या पाण्याच्या तापमानाची नोंद ठेवण्याला वेगळं मोल आहे.

उपग्रह वरून पाहतो हेही विसरू नये. राजवाड्यामागच्या बोळांत त्याला दिसतात छपरं आणि गच्च्या; भिंती आणि सावलीतला रस्ता फारसा दिसत नाही. बोळातून चालणाऱ्याला जाणवणारा उष्मा वेगळाच असतो.

जमिनीवरची मोजणी

उपग्रह येण्याच्या दिवसाची तारीख आधीच्या प्रतिमेत १६ मिळवून कळते. त्या दिवशी सकाळी साडेदहा ते अकरा या वेळात मोजणी व्हावी. विद्यार्थ्यांचे गट करून एकाच एकजिनसी जागेत पसरवा : मोकळं मैदान, नांगरलेलं शेत, मोठं पार्किंग. प्रत्येकानं चालत-चालत वीस-पंचवीस ठिकाणी थर्मामीटर जमिनीकडे सरळ खाली धरायचा. १२ ला १ प्रमाणाचा (अंतर आणि मोजल्या जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास यांचं प्रमाण) थर्मामीटर १.२ मीटर उंचीवरून साधारण १० सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ मोजतो, म्हणून एकाच वाचनावर कधी विसंबू नये. ढेकळाचा माथा आणि त्याच्या सावलीतली खाच यांत बरेच अंश फरक असतो. स्वतःची सावली पडू देऊ नका, आणि प्रत्येक वाचनासमोर मिनिटासकट वेळ लिहा.

जमिनीवर सरासरी आणि उपग्रहाचा आकडा दोन-तीन अंशांत जुळला तर ती चांगली मोजणी समजावी. पाण्यावर याहून जवळ जुळतो. तलावात मात्र थर्मामीटरला दिसतो तो पाण्याचा अगदी वरचा पातळ थर. बुडवायच्या थर्मामीटरचा आकडा थोडा वेगळा येईल. दोन्ही नोंदवा. काठाच्या निसरड्या उतारावर विद्यार्थ्यांना एकटं पाठवू नका.

ड्रोनचा मोह अनेकांना होतो. परवानगी, डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा क्षेत्राचा रंग, पश्चिमेकडचा विमानतळ हे सगळं आधी पाहा. ड्रोनवरचे छोटे कॅमेरे उडताना भरकटतात, त्यांचे आकडे जमिनीवरच्या पाण्याच्या टबाशी वारंवार ताडावे लागतात. पहिल्या दोन वर्षांत याची गरज पडू नये.

दिवस आणि रात्र मिळून

मेच्या सकाळी काळी जमीन शहराच्या पुढे का जाते? कोरडी, भेगाळलेली माती उष्णता खोल पोचू देत नाही. ऊन वरच्याच थरात अडकतं आणि तो झपाट्यानं तापतो. सूर्य मावळल्यावर तितक्याच झपाट्यानं निवतो. काँक्रीट, दगड आणि डांबर सावकाश तापतात, उष्णता आत साठवतात आणि रात्रभर सोडत राहतात. माळव्याच्या रात्रींचं कौतुक पिढ्यान्‌पिढ्या होत आलं आहे. त्या गार रात्री उघड्या रानाच्या या स्वभावातूनही येतात. शहराचा खरा प्रश्न त्यामुळे रात्री विचारायला हवा.

त्यासाठी मोडिसचा रात्रीचा तापमान-संच नासाच्या अॅपइअर्स या साधनातून इंदूरपुरता कापून घ्या. आकड्याला ०.०२ नं गुणलं की केल्विन. सोबत निरीक्षणाच्या वेळेचा थर येतो तोही घ्या, कारण या उपग्रहांच्या वेळा अलीकडे सरकल्या आहेत. ती वेळ स्थानिक सौर वेळ असते. इंदूर ७५.८६ पूर्व रेखांशावर, प्रमाणवेळ ८२.५ ची, म्हणजे घड्याळासाठी सुमारे २७ मिनिटं मिळवायची. शहरी भागाची सरासरी एका बाजूला, १० ते २० किलोमीटरवरच्या शेतांची दुसऱ्या बाजूला, महिन्यामहिन्याचा फरक, दिवसाचा वेगळा आणि रात्रीचा वेगळा. शेतांमधून यशवंत सागर आणि पीथमपूरचा औद्योगिक भाग वगळा. दिवसाची रेघ उन्हाळ्यात शून्याखाली जाते का आणि रात्रीची वर राहते का, हे विद्यार्थ्यानं स्वतः काढलेल्या आलेखातून पाहावं.

प्रबंधांत वारंवार दिसणाऱ्या तीन गोष्टी

पहिली, '१९९५ च्या मेपेक्षा २०२३ च्या मेमध्ये शहर ५ अंशांनी तापलं' अशी वाक्यं. दोन दिवसांच्या दोन प्रतिमांमधला फरक त्या दिवसांच्या हवेचा, आदल्या आठवड्यातल्या वळवाचा, नांगरटीचा असू शकतो. प्रत्येक काळातल्या तीन-चार वर्षांच्या त्याच हंगामातल्या सगळ्या निरभ्र प्रतिमा घ्या, पिक्सेलनिहाय मध्यक काढा आणि शहराचं तापमान संदर्भ जागेच्या तुलनेत सांगा. संदर्भ जागाही जपून निवडावी. रालामंडळचं जंगल सोयीचं वाटतं, पण ते पानगळीचं आहे. एप्रिलमध्ये ते सावली देत नाही आणि चांगलंच तापतं.

दुसरी, एनडीव्हीआय (उपग्रहावरून हिरवेपणा मोजणारा वनस्पती-निर्देशांक) आणि तापमान यांचा सहसंबंध. उत्सर्जकता एनडीव्हीआयवरूनच काढायची, तिच्यातून तापमान काढायचं, आणि मग त्या तापमानाचा एनडीव्हीआयशी संबंध सापडला म्हणायचं. यात संबंधाचा थोडा भाग आपणच घातलेला असतो. झाडी गार ठेवते हे खरं आहे, पण ते दाखवण्यासाठी झाडीचं मोजमाप स्वतंत्रपणे करावं : उच्च दर्जाच्या प्रतिमेवरून किंवा प्रत्यक्ष जाऊन.

तिसरी सगळ्यात अवघड. सांवेर रोडच्या आणि पीथमपूरच्या कारखान्यांवरचे उघडे पत्रे थर्मल प्रतिमेत गार दिसू शकतात. डब्याचं उघडं स्टील आठवा. लँडसॅटचं तयार तापमान ज्या उत्सर्जकता-नकाशावर बसवलेलं आहे तो २००० ते २००८ या काळातल्या, टेरा उपग्रहावरच्या अॅस्टर या संवेदकाच्या प्रतिमांवरून केलेला आहे. वनस्पतींच्या बदलासाठी त्यात दुरुस्ती होते. पण तेव्हा शेत होतं आणि आज पत्र्याची शेड आहे, तर गणित अजून मातीच धरून चालतं. सुपर कॉरिडॉरसारख्या नव्या भागात काम करणाऱ्यानं हे लिहिलंच पाहिजे. अशा शेडखाली काम करणाऱ्या माणसाला 'तुमचं छप्पर गार आहे' असं नकाशावरून सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे. पत्र्याच्या आतल्या बाजूला काळी पट्टी चिकटवून मोजा, खरा आकडा तिथे मिळेल.

अहवालात काय असावं

प्रत्येक नकाशाखाली उपग्रहाचं नाव, तारीख, भारतीय प्रमाणवेळ, मूळ पिक्सेलचा आकार, उत्सर्जकता कुठून घेतली आणि किती टक्के पिक्सेल ढगांमुळे वगळले, एवढं हवं. 'एसटी क्यूए' या थरात प्रत्येक पिक्सेलची अनिश्चितता केल्विनमध्ये मिळते, ०.०१ नं गुणून. अभ्यासक्षेत्राची सरासरी अनिश्चितता द्या आणि तुमचा फरक तिच्यापेक्षा लहान असेल तर तसं लिहा. जमिनीवरची मूळ वाचनं तक्त्यात जशीच्या तशी जोडा, वगळलेली वाचनं कारणासकट. वस्त्यांची नावं घेऊन 'सर्वात उष्ण वस्ती' अशी यादी करायची असेल, तर आधी त्या वस्तीत दिवसा आणि रात्री एकेकदा जाऊन हवेचं तापमान मोजा, आणि ते आकडेही त्याच तक्त्यात ठेवा.